नागपूरच्या अंगणात चार भाषाकुळं

नागपूर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. आज शहरात जागोजागी कानावर पडते ती मराठी आणि हिंदी. या दोघी इंडो-युरोपीय कुळाच्या, त्यातल्या इंडो-आर्य शाखेच्या. राजाच्या जमातीची गोंडी मात्र द्राविड कुळातली, तेलुगूची नातेवाईक.

हे नातं ठरतं कशावरून? नुसत्या सारख्या शब्दांवरून नाही, कारण शेजारणी एकमेकींचे शब्द सर्रास उचलतात. अंक, अवयव, सर्वनामं असे रोजच्या वापरातले मूळ शब्द सहसा टिकून राहतात. अभ्यासक आधी ते पाहतात आणि मग व्याकरणाची घडण. गोंडीत दोन, तीन, चार म्हणजे रंड, मूंद, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. यवतमाळकडची कोलामीही याच घरची.

मेळघाटात गेलं की कुळच बदलतं. कोरकूत दोनला बारी, चारला उफुन. झारखंडच्या संथालीत बार आणि पोन. ही मुंडा शाखा, ऑस्ट्रो-आशियाई कुळातली. याच कुळातल्या व्हिएतनामीत चारला बोन म्हणतात! चौथं कुळ चिनी-तिबेटी. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या निर्वासित वसाहतीत तिबेटी बोलली जाते.

अभ्यासकांना खरा पेच घातलाय तो बुलढाण्यातल्या जळगाव जामोद भागातल्या निहालीने. तिच्यातले दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोथ, नालो. ऐकताच द्राविड वाटतात, पण ते उसने आहेत. कोरकू आणि मराठीचे शब्दही तिच्यात भरपूर. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. हे सगळे उसने थर बाजूला काढल्यावर जे शब्द उरतात, त्यांचं कुळ आजवर सिद्ध झालेलं नाही. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार.

गोंडीची संख्या मोठी आहे, तरी तिची उपेक्षा होतेच. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक सुमारे ३० लाख, डोगरी २६ लाख, बोडो १५ लाख. डोगरी, बोडो आणि संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. गोंडी आजही त्या यादीत नाही. तिला त्यात घेण्याची मागणी मराठी माणसानेही आपली मानून लावून धरायला हवी.