पाणी आहे, पण जीव नाही

बँकेत उभी हयात नोटा मोजण्यात गेली. त्यामुळे इथिओपियात विसाव्या शतकापर्यंत मिठाच्या विटा चलन म्हणून चालत, हे वाचनात आले तेव्हा कुतूहल साहजिकच चाळवले. या विटांना 'अमोले' म्हणत. खाणीपासून जितके दूर जावे तितकी विटेची किंमत वाढे. वाहतुकीचा खर्च चलनातच मुरलेला! हे मीठ येई दानाकिलच्या खोलगट वाळवंटातून. त्याच मिठाच्या मैदानावर डालोल नावाची टेकडी आहे आणि तेथील उष्ण झऱ्यांसारखे झरे पृथ्वीवर क्वचितच आढळतील.

हा प्रदेश समुद्रसपाटीहून शंभर मीटरपेक्षा अधिक खाली आहे. तांबड्या समुद्राचे पाणी प्राचीन काळी येथे शिरले, आटले आणि मिठाचे प्रचंड जाड थर मागे राहिले. त्या थरांच्या खाली तप्त शिलारस आहे. जमिनीत मुरलेले पाणी त्याच्या उष्णतेने तापते, मीठ, लोह व गंधक विरघळवीत वर येते. 1926 मध्ये वाफेच्या स्फोटाने येथे एक विवरही पडले. झऱ्याच्या मुखाशी पाण्याचे तापमान सुमारे 108 अंश सेल्सियस भरते. लिंबाच्या रसाचा सामू साधारण 2 असतो. डालोलच्या कित्येक कुंडांत तो शून्याच्याही खाली जातो. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते, म्हणजे हे पाणी लिंबाच्या रसाच्या शंभरपटीहूनही अधिक आम्ल ठरते.

कुंडांचे रंग मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारे. नुकतेच साचलेले मीठ शुभ्र, पाणी पोपटी हिरवे, पुढे पिवळे, नारिंगी आणि अखेरीस विटकरी. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण कुंडांतही असेच पिवळे-नारिंगी पट्टे दिसतात. पण तेथील रंग सूक्ष्म जीवांचे आहेत, डालोलचे लोहाचे. पाण्यातील लोहाचा हवेतील प्राणवायूशी जसजसा संयोग होतो, तसतसा रंग पालटतो. रंग तोच, कर्ता वेगळा.

मग या पाण्यात जीव आहे की नाही? 2019 मध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे आली. एका चमूने अतिसूक्ष्म जीवांच्या खुणा सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुरिफिकासियोन लोपेझ-गार्सिया यांच्या चमूने अनेक कुंडांची तपासणी करून, सर्वांत तीव्र कुंडांत जीवसृष्टी नाही, असा निष्कर्ष मांडला. तेथे सिलिकाचे कण पेशींसारखे गोल दिसतात, आणि माणसांबरोबर येणाऱ्या जिवाणूंचे अंशही नमुन्यांत मिसळतात, असे त्यांनी दाखविले. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या मला ही चिकाटी भावली. मंगळावर पेशीसारखे काही दिसले, तर तेथेही हाच हिशेब तपासावा लागेल.

केवळ उष्णता हा अडसर नव्हे. 122 अंशांवर वाढणारा सूक्ष्म जीव ज्ञात आहे. केवळ आम्लताही नव्हे; शून्याच्या आसपासच्या सामूत जगणारे जीव जपानमध्ये सापडले आहेत. येथे पराकोटीची आम्लता आणि पराकोटीचा खारटपणा एकत्र येतात. जवळच्या काही कुंडांत तर मॅग्नेशियमचे क्षार इतके दाटलेले आहेत की ते पाण्याचे रेणू स्वतःकडे धरून ठेवतात आणि पेशीतील रेणूंची घडी विस्कटतात. खात्यात शिल्लक दिसावी, पण तिच्यावर धारणाधिकाराची नोंद असल्याने खातेदाराला एक रुपयाही काढता येऊ नये, तसे हे पाणी. पाणी आहे, वापरता येत नाही.

ज्या आसाले सरोवराच्या काठी अफार कामगार पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या विटा कापत आले, त्या अतिखारट पाण्यात मात्र याच चमूला नाना प्रकारच्या सूक्ष्म जीवांची दाटी आढळली.