बिदरला जाल तेव्हा

बिदर हे नाव मराठी माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते दामाजीपंतांच्या गोष्टीत. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं पंतांनी उपाशी लोकांना खुली केली, बादशहाचा कोप झाला, आणि पंढरीचा विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला थेट बिदरच्या दरबारात हजर झाला. आपल्या विठोबानं पाहिलेलं हे गाव तसं दूर नाही. उदगीर, भालकी, बिदर ही एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशनं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. तरीही आपल्याकडची मंडळी बिदरला जातात ती बहुतेक हैदराबादच्या वाटेवर. किल्ल्यात तासभर फिरतात, दरवाज्यापाशी फोटो काढतात, गाडीतलाच डबा खातात आणि पुढे निघतात. गावाला त्यांच्याकडून मिळतात त्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.

जबाबदारीनं प्रवास करा असं अलीकडे फार सांगितलं जातं. शब्द जड आहे. मला त्याचा साधा अर्थ असा वाटतो की, ज्या गावाला पाहायला आपण जातो ते गाव अजून जगतं आहे, कमावतं आहे, याचं भान ठेवायचं. बिदरमध्ये हे भान ठेवणं सोपं आहे, कारण तिथला इतिहास अजून कामावर आहे. तो पाण्यात आहे, मातीत आहे आणि काही माणसांच्या बोटांत आहे.

आधी पाणी. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीनं राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली. हे पठार लाल जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पिऊन घेतो. खाली काळा कातळ लागला की पाणी अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. झरणी नरसिंहाला भाविक डोंगरातल्या भुयारातून पाणी तुडवत देवापर्यंत जातात. नानक झिऱ्याला गुरू नानकांच्या नावानं गुरुद्वारा उभा आहे. लंगरमध्ये कुणालाही जेवण मिळतं. शिखांच्या पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग या बिदरचेच. एकाच जमिनीच्या पोटातलं पाणी, आणि त्यावर कुणी नरसिंह पाहिला, कुणी गुरूचा प्रसाद!

शहराजवळच्या नौबादला ‘करेझ’ आहे. हे तंत्र इराणचं. जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा खणायचा आणि ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी भोकं ठेवायची. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्या पायांनी चालत येतं. स्थानिक लोक त्याला ‘सुरंग बावी’ म्हणतात. मधल्या काळात ही भोकं कचऱ्यानं आणि राडारोड्यानं बुजत गेली होती. 2014 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगभरातल्या जपायला हव्यात अशा ठिकाणांच्या यादीत बिदर शहराचं नाव घातलं, पुढे करेझची सफाईही झाली. तिथं जाल तर पाण्याची बाटली घरून न्या आणि घरीच परत आणा.

आता माती. बिदरी काम आपण प्रदर्शनातून पाहिलेलं असतं. काळीभोर सुरई, त्यावर चांदीची वेलबुट्टी. हा काळा रंग लावलेला नसतो. जस्तात थोडं तांबं मिसळतात. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असं प्रमाण साधारण सांगितलं जातं. वाळूच्या साच्यात भांडं ओततात, कानशीनं घासून गुळगुळीत करतात. ते तेव्हा राखाडी दिसतं. मग मोरचुदाचं पाणी फिरवून त्याला तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे टोकदार अवजारानं नक्षीची रेघ ओढली की ती उठून दिसते. त्या रेघेवर बारीक छिन्नीनं खाच पाडायची आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. ही तारकशी. चांदीचा पत्रा कापून पाकळ्या बसवल्या तर ते वेगळं काम. पुन्हा घासलं की सगळं भांडं पांढुरकं होतं, नक्षी जवळजवळ हरवते.

आणि मग माती येते. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांच्या आतली, जिला वर्षानुवर्षं ऊनपाऊस लागलेला नाही अशी. कारागीर ती निवडतो कशी? जिभेवर ठेवून. तिच्यातला क्षार चवीवरून ओळखायचा. ही माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापलेल्या भांड्यावर चोळतात. बघता बघता जस्त काळं पडतं आणि चांदी जशीच्या तशी उजळ राहते. शेवटी तेलाचा हात. ज्या किल्ल्याची भिंत आपण फोटोसाठी पाठीशी घेतो, त्याच किल्ल्याच्या मातीवर जुन्या गावातल्या घरांची चूल पेटते, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे. ते पाहून थेट कारागिराच्या ओट्यावर या. दोन्ही कामं एकाच नजरेतून निघालेली वाटतात.

2006 मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2023 मध्ये शाह रशीद अहमद कादरी या ज्येष्ठ कारागिरांना पद्मश्री मिळाली. मानसन्मान झाले, रोजच्या हिशेबाचं काय? चांदी महागली की आधी कारागिराचा श्वास अडतो, कारण कच्चा माल त्याला आज घ्यायचा असतो आणि विक्री कधी होईल ते माहीत नसतं. वितळत्या जस्ताचा धूर, घासण्याची धूळ आणि तासन्‌तास वाकलेली मान हा सगळा खर्च भांड्याच्या किमतीत कुणी मांडत नाही. कारागिराच्या मुलाला दुसरी नोकरी बरी वाटली, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून खरेदी शक्यतो जिथे ठोकण्याचा आवाज येतो तिथेच करावी. जुन्या गावात चौबाऱ्याच्या आसपास हिंडलात तर तो ऐकू येतो. आधी काम बघा, चांदीची तार आहे की पत्रा ते विचारा, वस्तूला किती दिवस लागले ते विचारा. कारागीर आनंदानं सांगतो. नावाजलेल्या कुठल्याही कलेची नक्कल निघतेच, आणि ती ओळखायला अर्धा तास ओट्यावर बसण्यासारखा दुसरा उपाय नाही. तेवढं पाहिल्यावर घासाघीस करायला आपली आपल्यालाच लाज वाटते. मोठी सुरई परवडत नसेल तर कुडी घ्या, पेपर कापायची सुरी घ्या. फोटो मात्र विचारून काढा. नवी नक्षी ही त्या माणसाची मिळकत असते.

महमूद गावानच्या मदरशाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तो दाखवायला वाटाडे उत्सुक असतातच. हा इराणमधल्या गिलानचा व्यापारी बहमनींचा वजीर झाला. त्यानं 1472 मध्ये ही तीन मजली शाळा पूर्ण केली, आणि 1481 मध्ये एका बनावट पत्रावरून त्याची मान उडवली गेली. पुढे मोगलांच्या काळात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर रंगीत फरशांची नक्षी अजून आहे. तिथं खिळ्यानं नावं कोरणाऱ्या प्रेमवीरांना काय म्हणावं!

मला स्वतःला बिदरची बोली ऐकायला आवडते. दखनीतलं ‘नक्को’ कानावर पडलं की मराठी माणसाला परकं वाटतच नाही. रिक्षावाल्याशी, चहावाल्याशी बोलत राहावं. ही भाषा कुठल्या तिकिटावर छापलेली नसते.

एक मुक्काम नक्की करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अष्टूरला जा. तिथं बहमनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत आहेत. जुलमी म्हणून बदनाम झालेल्या हुमायूनशहाचा घुमट वीज पडून फाटला आहे. लोक त्यावर जे बोलायचं ते बोलतातच. पण त्याच्या आजोबाचं, अहमदशहाचं, नाव तिथं वलीचं नाव म्हणून घेतात. मुसलमानांसाठी तो वली, लिंगायतांसाठी अल्लमप्रभूंचं रूप. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे, होळीनंतर काही दिवसांनी भरतो, आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका गावाहून जंगम आपल्या अनुयायांसह शंख वाजवत तिथं येतो. उरुसात गेलात तर बाजूला उभं राहून नीट बघा. तो आपल्यासाठी मांडलेला खेळ नव्हे. एरवी गेलात तर चपला बाहेर काढून आत जा. मी गेलो तेव्हा आत मिट्ट काळोख होता. राखणदार बाहेर आरसा धरून उभा राहिला, त्यानं उन्हाची तिरीप घुमटात फेकली, आणि सहाशे वर्षांपूर्वीचा लाल-सोनेरी रंग वर उजळला. फ्लॅशची गरजच पडली नाही.