औषधाच्या वाटेवरील पहारे

घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारले, तर ती जुन्या दवाखान्यातील कंपाउंडरची आठवण अवश्य सांगतील. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहावी, कंपाउंडरने तिच्याबरहुकूम मिश्रण तयार करून बाटलीत भरावे आणि बाटलीच्या पाठीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवावी, असा तेव्हाचा परिपाठ होता. एक खाच म्हणजे एक मात्रा. ज्याला अक्षरओळख नसे, त्यालाही त्या खाचांची भाषा समजे. औषध रोग्याच्या मुखात पडेपर्यंत त्याची काळजी वाहिली पाहिजे, हे तत्त्व त्या साध्या पट्टीत सामावलेले होते. आज औषधांची संख्या अफाट वाढली आहे आणि त्यांचे सामर्थ्यही वाढले आहे. अशा वेळी तेच तत्त्व रुग्णालये कशा रीतीने पाळतात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

औषधाला रोग्यापर्यंत पोहोचण्यासाठी चार मुक्काम ओलांडावे लागतात. डॉक्टर ते लिहितात, औषधनिर्माता ते वाचून काढून देतो, परिचारिका ते रोग्याजवळ नेते आणि शेवटी रोगी ते घेतो. यांपैकी कोणत्याही मुक्कामी चूक संभवते. कागदावर ‘१.०’ असे लिहिले आणि मधला बिंदू पुसट उमटला, तर वाचणारा ‘१०’ वाचतो आणि मात्रा दसपट होते. म्हणूनच पूर्णांकापुढे बिंदू व शून्य लिहू नये, असा दंडक घालण्यात आला आहे. मधुमेहावरील इन्सुलिनचेही असेच आहे. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेले इन्सुलिन मिळते, तसेच १०० युनिटे असलेलेही मिळते. दोहोंसाठी पिचकाऱ्या निरनिराळ्या असतात. १०० युनिटांचे औषध ४० च्या पिचकारीत भरून खुणेप्रमाणे टोचले, तर मात्रा अडीचपट होते आणि रोग्याच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने रोगी दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

चूक घडली की ‘दोषी कोण?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु या प्रश्नाने पुढची चूक टळत नाही. अमेरिकेत बार्कर आणि मॅक्कॉनेल या दोन संशोधकांनी १९६२ साली एक उद्बोधक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्णालयात परिचारिकांसोबत निरीक्षक ठेवले, प्रत्यक्ष दिलेले औषध डॉक्टरांच्या आज्ञेशी ताडून पाहिले आणि नोंदवहीत लिहिलेल्या चुकांपेक्षा कितीतरी अधिक चुका प्रत्यक्षात घडतात, असे दाखवून दिले. कित्येक चुका करणाऱ्याच्याही ध्यानी येत नाहीत, आणि ज्या येतात त्या शिक्षेच्या भयाने झाकल्या जातात. झाकलेल्या चुकीपासून कोणीच काही शिकत नाही.

तेव्हा माणसाला धाक घालण्यापेक्षा व्यवस्था सुधारावी, असा विचार पुढे आला. पूर्वी वॉर्डातील कपाटात औषधांचे मोठे साठे असत आणि घाईगर्दीत परिचारिका त्यांतून औषध काढी. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही रुग्णालयांनी प्रत्येक रोग्याची प्रत्येक मात्रा स्वतंत्र वेष्टनात, नाव लिहून, औषधविभागातूनच पाठविण्यास आरंभ केला. त्यामुळे एकाने काढलेले औषध दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ लागले. पोटॅशियम क्लोराइडचा तीव्र द्राव पातळ न करता शिरेत गेल्यास हृदय बंद पडते. म्हणून तो वॉर्डातून हलवून औषधविभागाच्या ताब्यात ठेवावा, असा नियम झाला. नावाने वा रूपाने सारखी दिसणारी औषधे शेजारी शेजारी ठेवू नयेत, रोगी दाखल होताना व घरी जाताना त्याच्या सर्व औषधांची यादी ताडून पाहावी, या प्रथाही अशाच पडल्या. सुसज्ज रुग्णालयांत औषधनिर्माता डॉक्टरांबरोबर रोग्याच्या खाटेपाशी जातो आणि शंका आल्यास ती निःसंकोच बोलून दाखवतो.

आमच्या गोव्याला या विद्येची परंपरा जुनी आहे. १८४२ साली पणजीत वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून तेथे वैद्यकासोबत औषधनिर्माणशास्त्राचेही शिक्षण मिळू लागले. रोग्याच्या सान्निध्यात काम करणारे औषधतज्ज्ञ घडविणारा फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात २००८ साली सुरू झाला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली निघाला. त्याचे केंद्र गाझियाबाद येथे असून सामान्य नागरिकालाही तेथे कळविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम पुकारली, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस रुग्णसुरक्षेचा म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिमित्रहो, यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. गोळ्यांच्या पाकिटावरील नाव बहुधा इंग्रजीत असते आणि घरातील आजी-आजोबांना ते तुम्हीच वाचून दाखवता. म्हणजे औषधाच्या वाटेवरील शेवटचा पहारा तुमच्याकडेच आहे. आजीच्या सर्व औषधांची यादी सुवाच्य मराठीत लिहून ठेवा. कोणते, किती, केव्हा आणि कशासाठी, हे त्यात असू द्या. दवाखान्यात जाताना ती यादी बरोबर न्या. औषधाचा रंग वा नाव बदललेले दिसले, तर देण्यापूर्वी विचारा. अक्षर न लागल्यास अंदाज करू नका. आणि एखादी गोळी चुकून दिली गेलीच, तर रागाच्या भयाने ती गोष्ट लपवू नका. ताबडतोब वडिलांना व डॉक्टरांना सांगा. घरातील वडीलधाऱ्यांनाही आमची विनंती आहे की, मुलाने अशी चूक कबूल केली तर आधी औषधाची चिंता करावी आणि मुलाला रागे भरू नये. एकदा रागे भरलेले मूल पुढच्या वेळी गप्प राहील, आणि त्या गप्प राहण्याची किंमत आजीला मोजावी लागेल.