चेन ताणली जात नाही, झिजते

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरच्या रस्त्यांवर सकाळी भोसरीच्या एमआयडीसीकडे निघालेल्या मोटरसायकली पाहिल्या, की वाटतं इथे चेन-स्प्रॉकेट पहिल्यापासूनच असणार. तसं नाही. या पट्ट्याची ओळख असलेल्या १९७२ च्या बजाज चेतक स्कूटरला चेनच नव्हती. इंजिन मागच्या चाकालगत, ताकद थेट गिअरमधून. चेनला तेल घालणं हे चेतकवाल्यांना सायकलपुरतंच ठाऊक. पुढे कावासाकी-बजाज मोटरसायकल आली, बजाजचा चाकणचा कारखाना उभा राहिला, २००१ मध्ये पल्सर आली आणि चेन घरोघरी पोहोचली.

आजची रोलर चेन मूळची हान्स रेनॉल्डची, मँचेस्टर, १८८०. पिनेवर बुश, बुशवर मोकळा फिरणारा रोलर. रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दातावर घासण्याऐवजी लोळतो, त्यामुळे झीज कमी. इंजिनाकडच्या स्प्रॉकेटला १५ दाते आणि मागच्याला ४५ असतील, तर मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं तीनदा फिरतं: वेग तिसरा हिस्सा, पिळाचा जोर तिप्पट. पुढचे दाते आधी का झिजतात, तेही यातच आलं.

दात्यांची संख्या बऱ्याचदा विषम का ठेवतात? समजा चेन ११२ कड्यांची आहे. पुढे १४ दाते असते, तर ठरावीक रोलर कायम ठरावीक दातावरच बसला असता आणि एका खराब दाताने तेच रोलर पुन्हापुन्हा खाल्ले असते. १५ दात्यांमुळे प्रत्येक रोलरची प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज वाटली जाते. शिवाय चेन स्प्रॉकेटवर गोल नव्हे, बहुकोनात वळते. १५ दात्यांवर तिचा वेग सुमारे सव्वादोन टक्के कमीजास्त होत राहतो, ११ दात्यांवर चार टक्के. छोटं स्प्रॉकेट बसवून पिकअप वाढवणाऱ्यांनी हा हादराही हिशोबात धरावा.

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं. पिन आणि बुश झिजतात. अर्ध्या इंचाच्या कडीमागे पाव मिलिमीटर झीज झाली, की चेन दोन टक्के लांबते, रोलर दाताच्या टोकाकडे चढतो आणि दाते आकड्यासारखे वाकडे होतात. अशा दातांवर नवी चेन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत.

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला, तर नवा चेनसेट घ्या. साफ करताना मात्र इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हातानेच फिरवा. चालू इंजिनवर चेन पुसताना फडकं आत ओढलं जातं आणि त्यामागोमाग बोटंही.