गाडीच्या पोटात, भाग ९ : क्लच ठेवायचा की सोडायचा?

जालन्याहून संभाजीनगरला जाताना शहराच्या अलीकडे शेंद्र्याची एमआयडीसी लागते. स्कोडाचा कारखाना तिथलाच. २००१ साली ऑक्टेव्हिया भारतात आली ती इथून. या गाडीची 'आरएस' नावाची एक तापट आवृत्ती असते आणि आजच्या विषयाचा अर्धा इतिहास तिच्या वंशावळीतच सापडतो. २००४ची आरएस म्हणजे १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर. २०११ला ती लॉरा या नावाने आली, १६० अश्वशक्तीची. गिअर सहा झाले, पण टाकायचे हातानेच. २०१७ला पुन्हा ऑक्टेव्हिया हे नाव आलं, २३० अश्वशक्ती आली आणि क्लचचं पेडल गायब झालं. सहा गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुसरा पर्यायच नाही. २०२०ला दोनशे गाड्या थेट परदेशातून आल्या, २०२५ला २६५ अश्वशक्तीच्या शंभर. दोन्ही वेळा सात गिअर, दोन्ही वेळा ऑटोमॅटिक. त्या शंभर तर हातोहात गेल्या. क्लच नाही म्हणून कुणाचं अडलं नाही.

ऑक्टेव्हिया ही स्पोर्ट्स कार नव्हे, मोठ्या डिकीची घरगुती गाडी आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. पण गोव्यात १९९८च्या सुमाराला तयार झालेली सॅन स्टॉर्म किंवा दिलीप छाब्रियांची अवंती या आपल्याकडच्या खऱ्याखुऱ्या दोन दारांच्या गाड्या रस्त्यावर दिसणं मुश्कील. हौसेची गाडी म्हणून मराठवाड्यात जे खरोखर फिरतं, त्यावरच बोललेलं बरं.

मागच्या भागात टर्बो पाहिला. त्यावर जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला : मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? माझं मत आधीच सांगून टाकतो. वेगासाठी मॅन्युअल घेऊ नका. तो वाद कधीच निकालात निघाला. मॅन्युअल घ्यायची तर आपला रोजचा आणि रविवारचा रस्ता पाहून घ्या.

आता झाकण उघडू. मॅन्युअल गिअरबॉक्स सुटा करून टेबलावर ठेवला की पहिल्यांदा एक गोष्ट चक्रावून टाकते : सगळे गिअर आधीच एकमेकांत अडकलेले असतात. आपण गिअर 'टाकतो' तेव्हा दात्यांत दाते घुसवत नाही. प्रत्येक गिअरसाठी चक्रांची एक जोडी कायम गुंतलेली असते, पण त्या जोडीतलं एक चक्र आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. दांडा हलवला की आतली एक बाही सरकते आणि त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडते. जखडण्याआधी एक पितळी कडं चक्रावर घासून दोघांचा वेग सारखा करतं. हा सिंक्रोनायझर. कॅडिलॅकने १९२८ साली तो गाडीत बसवला. त्याआधी एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा, मध्ये रेस द्यायची आणि कानाने अंदाज घ्यायचा, अशी कसरत होती. अंदाज चुकला की सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं.

मोकळं चक्र शाफ्टवर फिरायचं तर मध्ये बेअरिंग हवं, आणि जागा तर नखाएवढी. म्हणून तिथे नीडल रोलर बेअरिंग घालतात : काडेपेटीतल्या काडीएवढे बारीक पोलादी रोलर, पिंजऱ्यात एकाशेजारी एक बसवलेले. जालनेकरांना हे नवीन नाही. आपल्याकडे ही बेअरिंग बनवण्यात ज्या एनआरबीचं नाव आधी घेतलं जातं, तिचा एक कारखाना जालन्याच्या एमआयडीसीत आहे. जालन्याचं नाव निघालं की लोक सळया आणि बियाणं एवढंच बोलतात. गिअरबॉक्सच्या पोटातली ही काडी कुणाच्या लक्षात येत नाही.

चांगल्या मॅन्युअल गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्यावर जरासा अडतो आणि मग आपसूक आत ओढला जातो. तो अडण्याचा क्षण म्हणजे ते पितळी कडं काम करतंय. तळहाताला ते नेमकं कळतं. मॅन्युअलवाल्यांचं सगळं वेड या एका क्षणात आहे असं मला वाटतं. 'गाडीवर ताबा राहतो' वगैरे कारणं मागाहून जोडलेली.

कारण ताब्याचं आणि वेगाचं गणित आता उलटं झालंय. पोर्शेची २०२१ची ९११ जीटी३ घ्या. तीच गाडी, तेच इंजिन. मॅन्युअल १७ किलो हलकी, तरी शून्य ते शंभरला ३.९ सेकंद घेते. पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ३.४ सेकंदांत पोचते. रेसमध्ये अर्धा सेकंद म्हणजे फार झालं. २०२३ला भारतात आलेली बीएमडब्ल्यू एम२ दोन्ही प्रकारांत मिळायची; तिथेही ऑटोमॅटिक ४.१ आणि मॅन्युअल ४.३. आपला पाय कितीही तरबेज असो, क्लच दाबायला, दांडा ओढायला आणि क्लच सोडायला जो वेळ लागतो, त्या वेळात यंत्र गिअर बदलून मोकळं झालेलं असतं.

ते एवढं चपळ कसं? पीडीके काय किंवा डीएसजी काय, आत दोन क्लच असतात. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा जखडून तयार उभा असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, बस. पोर्शेने हे १९८०च्या दशकात रेसच्या गाड्यांवर घासून पाहिलं. रस्त्यावरच्या गाडीत ते पहिल्यांदा विकलं फोक्सवॅगनने, २००३ साली, गोल्फ आर३२ मध्ये.

त्याआधी फेरारीने १९९७ला एफ३५५ मध्ये दुसरी वाट धरली होती. गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच, क्लच एकच, फक्त तो दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करायची. ती मॅग्नेटी मारेल्लीची होती. पुढे २०१४ला मारुतीच्या सेलेरिओत एएमटी आली, तीही त्याच तत्त्वावर आणि त्याच मॅग्नेटी मारेल्लीची. गिअर बदलताना सेलेरिओ मान डोलावते म्हणून हसणाऱ्यांनी हे नातं ध्यानात ठेवावं.

तिसरा प्रकार जुना, टॉर्क कन्व्हर्टरचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल. पंख्यांच्या पात्यांनी ते फिरतं आणि जोर पोचवतं. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबिलमध्ये पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला तेव्हापासून ऑटोमॅटिकला 'सुस्त आणि पेट्रोल पिणारी' हे नाव चिकटलं ते या तेलातल्या घसरणीमुळे. आता गाडी चालू लागली की आतला एक क्लच ही घसरण बंद करतो. एम२ची ऑटोमॅटिक याच जातीची, आणि वरचे आकडे पाहता तिला सुस्त म्हणायची सोय उरलेली नाही.

मग मॅन्युअल मागतं कोण? पोर्शेने २०१३ला जीटी३ फक्त पीडीकेत आणली तेव्हा तिच्याच भक्तांनी आरडाओरडा केला. २०१६ला कंपनीने ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअलचा पर्याय मुकाट्याने परत आला. पैसे मोजून हळू असलेला गिअरबॉक्स मागून घेणारं गिऱ्हाईक पाहून इंजिनिअर काय म्हणाले असतील कोण जाणे. पण लोकांना अर्धा सेकंद नको होता, तळहाताचा तो क्षण हवा होता.

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ला. कारला मर्यादा ताशी १२०. इंटरचेंजच्या उताराने आत शिरायचं, पाच-सहा सेकंदांत १२०वर पोचायचं, शेवटचा गिअर पडला की संपलं. पुढे दोन तास डाव्या पायाला काम नाही. मॅन्युअलचं सुख गिअर बदलण्यात आहे, आणि समृद्धी हा गिअर न बदलण्याचा रस्ता आहे. इथे ऑटोमॅटिकच शोभते.

खरी परीक्षा अंबड रस्त्याला, गाळपाच्या हंगामात. अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेली उसाची डबल ट्रॉली पुढे असते, मागे रिफ्लेक्टरही नसतो आणि समोरून एसटी येत असते. जागा दिसते ती चार सेकंदांची. मॅन्युअलमध्ये तुम्ही आधीच तिसऱ्यात उतरून थांबलेले असता; जागा दिसली की पाय दाबायचा, गाडी त्याच क्षणी सुटते. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबल्यावर गिअरबॉक्स विचार करतो : दोन गिअर उतरू की तीन? चांगल्या डीएसजीलाही हा क्षण लागतो, कारण त्याने तयार ठेवलेला असतो वरचा गिअर आणि तुम्ही मागता खालचा. उपाय सोपा आहे. स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर आधीच उतरवून ठेवायचा. पॅडल गाडीला असतात, पण वापरणारे फार थोडे पाहिले.

रविवारी पहाटे भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याच्या घाटात उतरणार असाल, तर मात्र मॅन्युअलसारखं काही नाही. वळणाआधी दुसरा, वळणातून बाहेर पडताना तिसरा, उतारावर ब्रेक तापू न देता इंजिनवर गाडी धरायची. तासाभराचा कार्यक्रम आहे. फर्दापूरला चहा घेताना डावा हात आणि डावा पाय दोन्ही खूश असतात.

गावातलं गणित निराळं. संध्याकाळी सातला मामा चौकातून सिंधी बाजाराकडे एखादी बुटकी गाडी काढून पाहा. गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून ती तिरकी घालायची, गोगलगायीच्या वेगाने. मॅन्युअलमध्ये अर्ध्या क्लचवर पाय भरून येतो आणि क्लचप्लेट झिजते. दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये हेच घासणं आत चालू असतं, फक्त तुम्हाला ते कळत नाही. त्यातही कोरड्या क्लचचे गिअरबॉक्स आपल्या मे महिन्यात लवकर तापतात. तेलात बुडालेल्या ओल्या क्लचचे जास्त सोसतात. टाटांनी २०२२ला अल्ट्रोजमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला तो ओलाच, यातच काय ते आलं. नुसत्या रांगण्याला टॉर्क कन्व्हर्टरच भला, तिथे रांगताना क्लच घासावा लागत नाही.

तेव्हा हिशेब असा. घरात एकच गाडी असेल, तीच आईला दवाखान्यात आणि मुलांना क्लासला नेणार असेल, तर डोळे झाकून ऑटोमॅटिक. नेहमी नागपूर-मुंबई करणार असाल तरी तेच. दुसरी गाडी दारात असेल आणि ही निव्वळ हौसेची असेल, तर मॅन्युअल मिळतेय तोवर घ्या. आजकाल ती शोधावी लागते आणि बहुधा जुन्या बाजारातच सापडते. दुरुस्तीचं म्हणाल तर साधा क्लच आपल्या गावातला कसबी मिस्त्रीही बदलून देतो. दोन क्लचचा गिअरबॉक्स बिघडला की आधी लॅपटॉप जोडावा लागतो, म्हणजे गाडी संभाजीनगरला गेली.

जुनी घेताना दोन गोष्टी जागेवर तपासा. मॅन्युअल असेल तर मोकळ्या जागेत हँडब्रेक करकचून ओढा, चौथा गिअर टाका, किंचित रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक आहे. गुरगुरत चालूच राहिलं तर तो घसरतोय, खर्च धरूनच भाव करा. ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी असेल तर त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. ते बदलल्याची पावती मालकाकडे मागा. पावती नसेल आणि 'हे ऑइल कधी बदलावंच लागत नाही' असं तो म्हणाला, तर भाव कितीही उतरवला तरी गाडी घेऊ नका.