कॅल्शियमचा अतिरेक

कॅल्शियम म्हणजे हाडांचे बळ. तेव्हा ते जितके अधिक तितके चांगले, अशी भाबडी समजूत समाजात रुजली आहे. वस्तुतः शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील अंश अत्यल्प. परंतु नसा, स्नायू व हृदय यांचे कार्य त्याच्याच आधारे चालते. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात त्याचे प्रमाण साधारणतः ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ही मर्यादा ओलांडली की बळाऐवजी दौर्बल्य पदरी येते.

दुर्दैव असे की या विकाराची लक्षणे सामान्य भासतात. तहान वाढते, लघवीला वारंवार जावे लागते, बद्धकोष्ठ होते, अन्नावरची वासना उडते, विसराळूपणा येतो. वय झाले, असे म्हणून घरची माणसे ती सोडून देतात. मुतखडा वारंवार होऊ लागला, तरी रक्ताची तपासणी राहूनच जाते.

मानेतील परावटु ग्रंथींचा अतिरेकी स्राव आणि कर्करोग ही या वाढीची दोन प्रमुख कारणे होत. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या शल्यविशारदाने हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम कंडक्टरवर प्रथम परावटु ग्रंथीचे रोपण केले. गुण आला नाही. नंतर ग्रंथीची गाठच काढली, तेव्हा रुग्णास आराम पडला. उणीव समजून भर घातली, पण दोष अतिरेकाचा होता.

आज हीच गफलत घरोघरी होऊ शकते. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. ती रोज घेतली, वा मुदत संपल्यावरही चालू ठेवली, तर कॅल्शियम धोक्याच्या पातळीस जाऊ शकते. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने औषध थांबविल्यावरही परिणाम कित्येक आठवडे टिकतो.

निदान अवघड नाही. कॅल्शियमसोबत अल्ब्युमिन व परावटु संप्रेरक तपासले की कारणाची दिशा कळते. उपचार कारणानुसार ठरतात : कोठे अतिरिक्त औषध बंद करणे, कोठे शस्त्रक्रिया. पातळी १४ च्या वर गेली किंवा रुग्ण गुंगीत बरळू लागला, तर रुग्णालयात शिरेवाटे सलाइन व कॅल्शियम उतरविणारी इंजेक्शने तातडीने द्यावी लागतात.

म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर मात्रेबरोबर मुदतही ठळक लिहावी, औषधविक्रेत्याने जुन्या चिठ्ठीवर औषध देऊ नये, आणि रुग्णानेही ‘हे कधी थांबवायचे?’ असे निःसंकोच विचारावे. एवढ्या दक्षतेने पुष्कळ अनर्थ टळेल.