इंजिन नाही, तरी फॉरेनला!

भर दुपारी दिघा गाव स्टेशनवर लोकलची वाट बघताना जरा पारसिकच्या डोंगराकडे बघा. तापून वर उठणाऱ्या हवेवर घारी पंख न हलवता गोल गोल चढत असतात. बिनइंजिनाच्या विमानातून, म्हणजे ग्लायडरमधून, हेच करायचं म्हणजे ग्लायडिंग. ते करायला परदेशी जायचा बेत असेल, तर बॅग भरण्याआधी या गमती वाचून घ्या.

आधी हडपसर, मग फॉरेन: पुण्याजवळ हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंच लांब तार भराभर गुंडाळते आणि तारेला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं.

हे पंचांग नव्हे: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर्ष ही भारतात घडवलेल्या ग्लायडरांची नावं! 1961 मध्ये उडालेल्या रोहिणीत गुरू-शिष्य एसटीच्या बाकावर बसावं तसे शेजारी शेजारी बसत.

डिसेंबरात उन्हाळा: न्यूझीलंडचं ओमारामा आणि नामिबियाचं बिटरवासर इथला हंगाम आपल्या थंडीत असतो. बिटरवासरहून पहिल्यांदा 1000 किलोमीटरचं उड्डाण पुरं केलं, की तुमच्या नावाने पामचं झाड लागतं.

पाहुण्यालाही परीक्षा: लॉगबुक कितीही जाड असो, नव्या ठिकाणी आधी तिथल्या शिक्षकाला शेजारी नाहीतर मागे बसवून चेक फ्लाइट द्यायची. आपलं लायसन्स, मेडिकल आणि विमा तिथे चालतो का, हे तिकीट काढण्याआधीच विचारा.

बारीक असाल तर शिसं: वैमानिकाचं वजन कमी पडलं तर तोल बिघडतो, म्हणून पुढच्या बाजूला वजनाच्या पट्ट्या बसवतात. जन्मभर ‘खात जा जरा’ ऐकलेल्यांनी आपलं वजन आधीच कळवावं.

लाखाच्या यंत्राला लोकरीचा धागा: ग्लायडर तिरकं सरकतंय का, हे काचेवर चिकटवलेला लोकरीचा तुकडा सांगतो. त्याला बॅटरी लागत नाही.

पनवेल रिटर्न: चांगलं ग्लायडर 1 किलोमीटर उंची खर्चून 50 किलोमीटर जातं. म्हणजे दिघ्यावरून पनवेल गाठून परत! अर्थात कागदावर. मुंबईच्या विमानांची वर्दळ ही हौस पुरवू देणार नाही.

शेतात मुक्काम: हवेने दगा दिला तर बरं शेत बघून उतरायचं. मग क्लबचे दोस्त ट्रेलर घेऊन येतात, पंख काढून ठेवतात आणि ग्लायडर रस्त्याने घरी जातं. त्यांना जेवू घालण्याचा खर्च धरूनच बजेट करा.

जेटच्याही वर: 2 सप्टेंबर 2018 रोजी अर्जेंटिनात ‘पर्लान 2’ हे ग्लायडर 76,000 फुटांपलीकडे गेलं. प्रवासी विमानं त्याच्या जेमतेम अर्ध्या उंचीवर असतात.

आणि एक शिस्त पाठ करून जा: वर जाणाऱ्या हवेत आधी आलेला ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने मागून येणाऱ्याने फिरायचं. लोकलच्या गर्दीत दारातून आत सरकलेल्या दिघेकराला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.